शिक्क्याला लागलेली हळद

खंडेनवमीला नलिनीबाईंनी इंजिनिअर यजमानांची हत्यारं पाटावर मांडली. टेप, ओळंबा, आणि एरवी कचेरीच्या कपाटात असणारा, इमारत सुरक्षित असल्याचा ठसा उठवणारा जिवंत शाईचा शिक्का. त्याला भक्तिभावाने हळदीचं बोट लावलं, आणि कोमट शिक्का त्यांच्या हातात गार पडत गेला.

"हळद लावलीस?" दिगंबरराव धावत आले. "अगं, त्या शाईतले जीव हळदीने मरतात!"

टेबलावरच्या नकाशावरचा त्यांचा जांभळा ठसा राखाडी होत चालला होता. शिक्का मेला की त्याचे सगळे ठसे मरायचे, आणि इंजिनिअर पुन्हा तपासून नवा ठसा उठवीपर्यंत त्या इमारतींचं वीज-पाणी बंद.

त्यातल्याच एका इमारतीत, नवव्या मजल्यावर, नलिनीबाईंची लेक प्राजक्ता दोन लेकरांसह राहत होती.

"माझ्या हातून पाप घडलं हो. पण तुम्ही निघा. आधी लेकीची इमारत तपासा, नवा शिक्का मागवा."

दिगंबरराव खुर्ची ओढून बसले.

"अहो, उठा ना!"

"तेव्हा तरी कुठे तपासली होती गं मी?" ते खालमानेने म्हणाले. "बिल्डरची घाई होती. खांबांत सळया कमी घातल्याची कुणकुण होती, तरी मारला शिक्का. आता इमारत पाहिली तर शिक्का मारवणार नाही."

नलिनीबाईंनी लेकीला फोन लावला.

"प्राजू, काही विचारू नकोस. पोरांना घे आणि जिन्याने खाली ये. जाताना शेजारपाजारची दारं ठोठाव. पळ, बाळा!"