मामाच्या गाडीचा एसी

सुनीलने बटण दाबलं. पंखा जोरात फिरला, पण वारा आला तो गरमच. बॉनेटखालून कंप्रेसरचा 'टक्' असा आवाज यायला हवा होता. नाही आला.

"परत?" शेजारी बसलेली त्याची बायको उज्वला म्हणाली.

"परत."

"रविवारी शुभांगीला यातून न्यायचंय, मेकअपसकट. मे महिना आहे. सायखेड्याला पोचेपर्यंत नवरी वितळेल."

शुभांगी म्हणजे सुनीलच्या बहिणीची मुलगी. नवरी मामाच्या गाडीतूनच जाणार, असं त्याने साखरपुड्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. तेव्हापासून ताईचा दिवसाआड फोन. "नसेल जमत तर सांग हं. तिच्या काकांच्या गाडीचा एसी चालतो."

रंगनाथ मिस्त्रीने बॉनेट उघडलं. गॅस पाहिला, फ्यूज पाहिला. सगळं ठीक. मग काळ्या डबीचं झाकण काढलं आणि तो बघतच राहिला.

"साहेब, सोमवारी बसवलेला रिले कुठंय?"

"मला काय माहीत?"

"कंप्रेसरला चालू हो म्हणणारा तोच. जुना जागेवर नव्हता म्हणून मी नवा घातला. आता तोही नाही."

त्याने आणखी एक काळा चौकोनी ठोकळा खाचेत दाबला. टक्. गार वारा.

"हा तुझ्या मिस्त्रीचाच उद्योग," घरी आल्यावर उज्वला म्हणाली. "एका हाताने बसवतो, दुसऱ्याने काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुनील खाली गाडीत बसला आणि त्याने हॉर्न दिला. दोन छोटे, एक लांब. त्यांची मुलगी आरोही तिसऱ्या मजल्यावर पहिल्या हॉर्नला बूट शोधायची आणि पाचव्याला जिना उतरायची. दोन वर्षं रोज क्लासला उशीर.

चौथ्या हॉर्नला तळमजल्याची खिडकी उघडली. चिमाजीतात्या. डोळे नेहमीसारखे तांबडे, तळहातावर तंबाखू.

"झाला का एसी चालू, सुनीलराव?"

तात्यांचा फुलांचा धंदा. पहाटे तीनला टेम्पो घेऊन फुलबाजारात जायचे, साडेपाचपर्यंत परत. सुनीलची गाडी टेम्पोच्या वाटेत लागायची, म्हणून ती हलवायला तिची दुसरी चावी कायम तात्यांच्या दाराला टांगलेली. सोसायटीत एवढा समजूतदार माणूस नव्हता.

"झाला. पण रिले कोण नेतं तेच कळत नाही."

"उंदीर. माझ्या टेम्पोचं निम्मं वायरिंग खाल्लं त्यानं. तंबाखूची पुडी ठेवा आत. वासानं पळतो."

उज्वलाने निळ्या दोऱ्याने पुडी बांधून दिली. गुरुवारी संध्याकाळी एसी बंद. रिले नव्हता. पुडीही नव्हती.

"उंदराला तलफ आली असेल," रंगनाथ म्हणाला. सुनीलला हसू आलं नाही. "साहेब, माझ्याकडे असं बघू नका. आता मलाच लाज वाटायला लागलीय."

त्याने पुन्हा नवा रिले घातला. शनिवारी रात्री सुनीलने तीनदा खाली जाऊन टक् ऐकलं, तेव्हा कुठे तो झोपला.

रविवारी दहा वाजता तात्या स्वतः गाडी सजवत होते. निशिगंधाच्या माळा, मधे गुलाब. एक पैसा घेतला नाही. शालू सावरत शुभांगी मागे बसली. तिच्या कपाळावर आत्ताच घाम. सुनीलने बटण दाबलं.

काही नाही.

दुकानं बंद. रंगनाथ त्र्यंबकेश्वरला गेलेला, फोन लागेना. ताई दारात उभी होती. तिने पर्समधून मोबाइल काढला.

"काकांना बोलावते. राहू दे, सुनील."

तेवढा 'राहू दे' सुनीलला फार लागला.

"सुनीलराव," माळ ओवता ओवता तात्या म्हणाले, "हॉर्नचा रिले काढून इकडं घाला की. दोन्ही सारखेच असतात. टेम्पोत मी तेच करतो."

"आणि हॉर्न?"

"लग्नाची गाडी हाय. फुलं बघूनच लोक बाजूला होतील."

सुनीलने स्वतःच्या हाताने रिले उपटला आणि एसीच्या खाचेत दाबला. टक्.

सायखेड्याला नवरी उतरली तेव्हा काजळाची रेघही हलली नव्हती. "माझ्या भावाची गाडी," ताई येईल त्याला सांगत होती. सुनीलने मांडवातूनच तात्यांना फोन लावला.

"तात्या, तुम्ही अब्रू राखलीत. उद्या नवा रिले आणून हॉर्नला बसवतो."

"नका. उंदराला आता नव्या प्लास्टिकच्या वासाची चटक लागलीय. जुन्याला तोंड लावत नाय. हॉर्नचा कधी नेला का?"

सुनीलने विचार केला. खरंच, कधीच नव्हता नेला.

"मग राहू दे तसंच," तो म्हणाला. "हॉर्नवाचून काय अडतंय?"

सोमवारी साडेसहाला सवयीने त्याने हॉर्न दाबला. मग खाली उतरला आणि आरोहीला बोलवायला चरफडत तीन मजले चढला.

तळमजल्यावर तात्यांच्या पत्नी नवसाबाई त्यांचा सदरा धुवायला घेत होत्या. खिशातून निळ्या दोऱ्याची तंबाखूची पुडी निघाली, आणि चार काळे चौकोनी ठोकळे. एक जुना, तीन कोरे. हे काय म्हणून विचारायला त्या वळल्या. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच साडेसहा वाजून गेल्यावरही तात्या घोरत होते.