कवळीवाल्याची बॅग

"पट्टा बघा हा, पार सुतळी झालाय." दुकानदारानं जुनी बॅग काउंटरवर उताणी केली. "साहेब, वीस वर्षं बॅगा विकतोय. पण कॅमेऱ्याची एवढी वापरलेली बॅग बघितली नव्हती. रानंच्या रानं पालथी घातलेली दिसतायत!"

खरं तर कवळीवाल्यानं इथंच 'छे हो, मी कुठला' म्हणून टाकायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला रान पालथं घालणारा समजत होतं. एवढं सुख हातात आल्यावर लगेच परत कोण करतो? तो नुसता हसला. शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बघायचं मात्र त्यानं टाळलं.

दाताच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. दिवसभर प्लास्टरचे साचे घासायचे, गुलाबी हिरड्यांत दात बसवायचे. खोलीला खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीकडे उघडायची. बसच्या वाटेत मात्र एक तळं लागायचं. काठावर एक वठलेलं झाड, त्याच्या फांद्यांवर पंख पसरून उन्हं खात बसलेले पाणकावळे. बस तिथं थांबायची, दोनचार माणसं उतरायची, आणि हा काचेला नाक लावून बघत राहायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं कॅमेरा घेतला, लांबची लेन्स घेतली, ही बॅग घेतली. वरच्या कप्प्यात डबा नि छत्री, खालच्या कप्प्यात कॅमेरा. सकाळी जाता जाता अर्धा तास तळ्यापाशी उतरायचं, एवढाच बेत होता.

पण रोज कुणीतरी बिनदाताचं जेवणासाठी खोळंबलेलं असायचं. कुणाची कवळी मोरीत पडून दुभंगलेली, कुणाला परगावी जायचंय आणि दात आजच हवेत. आज नको, उद्या उतरू, असं म्हणेपर्यंत तळं मागं पडायचं. रविवारी जावं, तर रविवारी त्या बाजूला बस नव्हती. असती तरी आणखी काहीतरी निघालं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्या थांब्यावर रोज त्याचा जीव खालीवर व्हायचा. उतरावंसं वाटायचं, फार वाटायचं. उतरला मात्र एकदाही नाही. तीन किलोंचं ओझं रोज इमानानं जायचं आणि इमानानं परत यायचं. पट्टा झिजला तो बसमध्ये.

"ही चढवून बघा," दुकानदार म्हणाला.

कवळीवाल्यानं बॅग चढवली आणि डोळे मिटले. नवी कवळी तोंडात बसवली की दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई विचारतात, कुठं टोचतंय? तेच त्यानं आपल्या खांद्यांना विचारलं. पहिली मानेला टोचली. दुसरी पाठीला अशी चिकटली की दुकानातच घाम फुटला. तिसरीचा कप्पा पाठीच्या बाजूनं उघडायचा. गर्दीत कुणी चेन उघडायची भीती नाही, पण कॅमेरा काढायचा तर आधी सगळी बॅग उतरवा. चौथी बरी होती. एक खांदा मोकळा करून बॅग पुढं ओढली की कुशीतला कप्पा उघडून कॅमेरा थेट हातात.

"पक्षी काय आपल्यासाठी थांबतो का, साहेब? पण हे मी तुम्हाला काय सांगायचं!"

"हो ना," कवळीवाला म्हणाला. त्याचे कान गरम झाले होते.

बायको त्या बॅगेचं पावसाचं कव्हर ताणून बघत होती. "डबा आडवा होईल यात," एवढंच ती म्हणाली. मनात म्हणत असेल, काय सोंग आहे! पण चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडणाऱ्यातली ती नव्हती. बॅगेबद्दल गेल्या चार वर्षांत ती डब्यापलीकडं कधी बोललीच नव्हती. तिला काय त्याचं, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"वहिनी, डबा राहील. आधी कॅमेरा बसवू." कवळीवाला नको म्हणेपर्यंत दुकानदारानं जुन्या बॅगेतून कॅमेरा काढलासुद्धा. जाणकारासारखा उलटसुलट केला आणि बटण दाबून सुरू केला. आता पितळ उघडं पडणार. आत एकही फोटो नव्हता.

दुकानदारानं स्क्रीनवर नजर टाकली आणि मान डोलावली. "याला म्हणतात शिस्त! कार्ड रिकामं, बॅटरी फुल्ल. इथून थेट रानातच निघालात वाटतं?"

वाचलो, असं कवळीवाल्याला वाटलं, पण क्षणभरच. बॅटरी फुल्ल? चार्जर घरातल्या कुठल्या खणात आहे, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं. बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. आणि त्यानं तर चार वर्षांत तिला हात लावला नव्हता.

दुकानदार छातीवरचा पट्टा शोधायला आत गेला. कवळीवाल्यानं बायकोकडं बघितलं. ती अजून कव्हरच ताणत होती, आणि त्यात ताणण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"तू?" त्यानं विचारलं.

"दर रविवारी चार्जिंगला लावते, तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा," ती खाली बघत म्हणाली. "न जाणो, सोमवारी तळ्यापाशी उतरलातच, तर बॅटरी संपलेली नको."