सात नंबरची सुई

पिवळ्या पिशवीत कापूस आणि बँडेज, पांढऱ्या डब्यात सुया, असा नियम वॉर्डच्या भिंतीवरच लिहिलेला होता. तरीही पिशवी उचलताना सफाईवाल्या मावशींच्या तळहातात सुई रुतली. मावशी नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. "सुई कोणत्या पेशंटची?" मोठ्या सिस्टरनी विचारलं. "त्याचं रक्त तपासलं तरच मावशींचा घोर मिटेल." घाईत सुई नव्या नर्सनेच पिवळ्या पिशवीत टाकली होती आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. खिडकीतून तिला सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा डिस्चार्ज घेऊन गाडीत बसताना दिसले. "सुई सात नंबरची. मीच टाकली," म्हणत ती जिन्याकडे धावली. फाटकातच तिने गाडी अडवली. "पुन्हा रक्त कशाला?" आजोबांनी विचारलं. तिने खरं सांगितलं. "गाडी बंद कर," मुलाला सांगत त्यांनी बाही वर सारली.