मण्याचं नाव

यंदाही सुट्टी मिळत नाही, असं अक्काताईंच्या जिनेशनं जर्मनीहून इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत कळवलं आणि सोबत आपल्या संशोधनातल्या प्रथिनाचं चित्र धाडलं. मोबाईलवर ते बोटानं फिरवायचं. कुठलाही रंगीत मणी दाबला, की त्याचं इंग्रजी तीन अक्षरी नाव उमटायचं. राजारामपुरीतल्या घरात अक्काताई एकट्या रोज दुपारभर तेच घेऊन बसायच्या.

"काकू, पोराचं शास्त्र तुम्हास्नी कळतंय व्हय?" शेजारच्या दीपानं चेष्टा केली. "आणि सारखा एकच मणी काय दाबताय?"

"ह्याचं नाव तेवढं मला वाचता येतंय की."

दीपा वाकून बघू लागली.

 

अक्काताईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "ए, एल, ए. आला."