पडद्यापुढची सारंगी

उदयसिंगचा पणजोबा सारंगी घेऊन मारवाडातून रिसोडले आला. बाप बाबूलाल मुक्या पिक्चरच्या पडद्यापुढं बसून तीच सारंगी वाजवायचा, पण बोलते पिक्चर आले आन् त्याले कोनी बोलवेनासं झालं. पोराले तं मशीनचंच याड, रिसोडात जीव लागत नव्हता. बाप चिडायचा, "घरात सारंगी पडली हाये आन् हा तारा चाटून राह्यला!"

चोपन्न सालच्या जत्रेत तंबूत कार्टूनचा पिक्चर लागला आन् मधातच आवाज गेला. पब्लिक बोंबलाले लागलं. तंबूचा मालक मशीनपाशी घुटमळनाऱ्या उदयसिंगले म्हने, "आवाज आनला तं उद्या तुले नागपूरले नेतो, पक्की नोकरी. तवर तुह्या बापाले वाजवाले बसव!"

पडद्यावर चितारलेलं एक कुटुंब ढोलक-पेटी उचलून आपला मुलूख सोडत होतं. बाबूलालनं ते पाह्यलं आन् सारंगीवर गज असा ओढला की बोंबलनारे गपगार झाले.

इकडं मशीनमागं उदयसिंगले तुटलेली तार सापडली. त्यानं ती जोडली, लाल दिवा लागला. आता फक्त बटन दाबायचं होतं. त्यानं कनातीच्या फटीतून पाह्यलं. बाप डोळे मिटून वाजवत होता आन् लोक "वा चाचा, वा!" करत होते.

"जमलं का बे?" मालक वरडला.



"नाई जमत, शेठ," उदयसिंग म्हनला आन् जोडलेली तार त्यानं हातानं उपसून टाकली.