सोमवारची खुर्ची

सोमवारी कामाआधी प्रार्थना. मीटिंगरूमच्या मधोमध एक खुर्ची, बाकीचे भोवती उभे. ज्याची पाळी असेल त्याने खुर्चीत बसून आपली अडचण सांगायची, मग सगळ्यांनी त्याच्या डोक्याखांद्यावर हात ठेवून ती प्रभूच्या कानी घालायची. नियम मालकांचा. त्यांना साहेब म्हटलेलं खपत नसे, भाऊ म्हणायचं. भाऊ इस्पितळांना सॉफ्टवेअर विकत आणि नफ्यातून दूरच्या वस्त्यांत प्रार्थनाघरं बांधत. दोन्हीकडे बरकत होती.

लोक खुर्चीत बसून बेताचंच बोलत. सासूचे गुडघे, मुलीची परीक्षा. पोटातलं ओठावर आणायला कुणी वेडं नव्हतं.

आज पाळी सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरची होती. कंपनी भाऊंच्या स्वयंपाकघरातून चालायची तेव्हापासूनचा हा माणूस. उजवा हात खिशात घालून तो बसला. बायकोने निघताना बजावलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गुडघ्यांचं सांगा आणि उठा."

पण भाऊंनी पाठीवर हात ठेवला. "बोल दादा, इथे सगळी आपलीच माणसं."

त्याला राहवलं नाही. त्याने हात बाहेर काढला. हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले होते, हे वाढतच जाणार, औषधं जन्मभराची. "कंपनीच्या विम्यावर निभतंय," तो म्हणाला. "नोकरी तेवढी टिकू दे, एवढंच मागा माझ्यासाठी."

भाऊ रडले. नाटक नव्हतं ते, खरंच रडले.

दुपारी त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"जेवलो नाही आज. उपाशीपोटी प्रभूला विचारलं. उत्तर आलं, दादाला विश्रांती हवी."

भाऊंनी राजीनाम्याचा छापील कागद पुढे सरकवला.

"इस्पितळांचं काम आहे. एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

"आणि माझा विमा?"

"पाखरांना कोण विमा देतं? जगतातच ना."

"नाही सही केली तर?"

"तर मला गिऱ्हाइकांना कळवावं लागेल. तूच सांगितलंस सगळ्यांसमोर. मला खोटं बोलता येत नाही, दादा."

त्याने पेन घेतलं. पेन कागदभर भरकटलं. भाऊंनी ड्रॉवरमधून दुसरी प्रत काढली. तीही वाया गेली, तेव्हा तिसरी काढली. मग ते उठून टेबलाला वळसा घालून आले, त्याच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसले आणि त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला. सही झाली. अगदी पूर्वीसारखी, वळणदार.

"पाहिलंस?" भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले होते. "जरासुद्धा थरथरला नाही."