मुक्काम पोस्ट नेकनूर

नेकनूरच्या पोरींना इंग्रजी शिकवायला वेल्सहून आलेल्या ग्वेनबाई संध्याकाळी केसरबाईंकडून मराठी शिकायच्या. त्या दुष्काळी साली धडा संपला, की डोळे मिटून त्या येशूकडे इंग्रजीत पाऊस मागायच्या. एक दिवस त्यांच्या आईचं पत्र आलं: इकडे महिनाभर पाऊस थांबलेला नाही.

केसरबाई फणकारल्या. "मंग? पत्ता न सांगता मागितल्यावर देव तुमच्याच घरी धाडणार! दूध सोसायटीच्या अर्जात बी गाव-तालुका लिवावा लागतो, बाई."

ग्वेनबाईंना हसू आलं. तरी त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पहिल्यांदाच मराठीत प्रार्थना केली. "देवा, मुक्काम पोस्ट नेकनूर, तालुका बीड…"

"दिंद्रुड बी सांगा," शेजारी हात जोडून बसलेल्या केसरबाई हळूच म्हणाल्या, "माजी लेक दिलीय तितं."